ओसरलेलं पाणी

सुरत, १९९६

धुरपदाताई, नमस्कार.

त्या सकाळी मी पाणी भरलं, भाकरी बांधल्या, जयश्रीची वेणी घातली. यांच्या लूमच्या कारखान्याला सुट्टी होती. तुमच्या भावाने आम्हाला आधी बाग दाखवली, मग डुमसचा समुद्र.

ओहोटी होती. चिखलात तांबडे खेकडे पळत होते, दूर बगळे उभे होते. जयश्रीला ते जवळून बघायचे होते.

"पाणी परत आलं तर?" हे म्हणाले.

मी हसले. "पोरीसमोर घाबरता? आपल्या गिरणा नदीचं पाणी उतरलं की उतरलं."

हे पोरीला खांद्यावर घेऊन निघाले, मी काठावर थांबले. भजीवाली ओरडली, "पाछा आवो, भरती आवे छे!" मी म्हटलं, "येतील की परत."

मग खेकडे बिळांत शिरले. बगळे एकदम उडाले. पाणी समुद्राकडून नाही, यांच्या नि माझ्या मधल्या ओघळीतून चढलं. यांनी ओघळीपर्यंत येऊन जयश्रीला माझ्याकडे फेकलं. यांचे पाय चिखलातून निघाले नाहीत.

ताई, दोन वर्षं तुम्ही विचारता, पाण्याला भिणारा माझा भाऊ तिथे गेलाच कसा.

तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तार ऑफिसात बाबूला सांगून तुम्हाला तार केली: 'मी नको म्हटलं होतं. ऐकलं नाही. बुडाले.'

तुमची भावजय,
वत्सला