बुधवारची चिरफाड

गुरुवार, सकाळी साडेदहा

प्रिय घार,

खोकं उघडलं नसशील तर अजून उघडू नकोस. उघडलंच असशील, आणि तुझा उतावळा स्वभाव बघता उघडलंच असणार, तर निदान खालच्या वस्तूला हात लावायच्या आधी हे वाच. फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असतो तर माझा नंबर केव्हाच उडवला असता. एक मेसेज पाठवलाय, अर्ज देऊ नकोस, एवढाच. वाचलास की नाही कोण जाणे. एक तारखेला अजून पाच दिवस आहेत. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तो क्रेनवरून खाली उतरण्याचा अर्ज तुझ्या पिशवीतच राहू दे. आजवर माझं नको तेवढं ऐकलंस, आता हे एक ऐक.

तू गटात आलीस त्याला सात वर्षं झाली. आपला ऑनलाइन गट म्हणजे कॅमेऱ्यावरून जीव ओवाळून टाकणाऱ्यांचा मेळावा. घरात गळका नळ दुरुस्त करायला वेळ नाही, पण त्याच नळाचे तीस फोटो काढून लेन्सची परीक्षा घ्यायला वेळ आहे, असे आपले दातांचे डॉक्टर. तीन कॅमेरे कपाटात आणि चौथ्यासाठी सल्ला मागणारे आपले वकीलसाहेब. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला मी. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, बोलणंही टोचरं, म्हणून सगळ्यांचा काटेकाका. तुझा पहिला फोटो मला अजून तसाच्या तसा आठवतो. सकाळची सातची वेळ, क्रेनची लांबच लांब सावली सगळ्या बांधकामावर आडवी पडलेली, आणि त्या सावलीवरून एक माणूस काँक्रीटवर पाणी मारत चाललेला. खाली तू लिहिलं होतंस, मी क्रेन चालवते, जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत वरूनच फोटो काढते, काही चुकलं तर सांगा. चूक काढायची म्हणून मी अर्धा तास त्या फोटोला चिकटून बसलो. सापडली नाही. शेवटी खाली नुसतं ‘वा’ लिहिलं. गटात खळबळ माजली होती, तुला माहीत नसेल. काटेकाका आजारी आहेत का, असं वकीलसाहेबांनी फोन करून विचारलं होतं.

घार हे नाव त्याच दिवशी पडलं. तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, पण आज सांगतो. तुझ्यासारखं बघणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. एवढा जड कॅमेरा पाठीवर टाकून रोज साठ मीटरची शिडी चढायची, दिवसभर लोखंड उचलून बरोबर बोटभर जागेत ठेवायचं, आणि सुट्टीत सगळे पाय पसरतात तेव्हा तू काचेला नाक लावून खाली बघत बसणार. वीस-वीस दिवस एकही फोटो नाही, आणि मग एक असा की दिवसभर दुसरं काही सुचू नये. आमच्या गटाची अक्कल बघ, फोटो बघून पहिला प्रश्न, लेन्स कुठली? सहा जणांनी तुझ्यासारखीच लेन्स घेतली. डॉक्टरांनीही घेतली. आणि त्या लेन्सने कशाचे फोटो काढले, सांगायला हवं का? लेन्स बदलली, नळ तोच.

आता बुधवारचं. दर बुधवारी एक फोटो पूर्ण आकारात मागवायचा, तो शंभर टक्क्यांवर उघडायचा आणि कोपरा न कोपरा तपासायचा, हा माझाच नियम. ‘बुधवारची चिरफाड’ हे नावही माझंच, आणि मला त्याचा फार अभिमान होता. दीड वर्षापूर्वी तू पत्त्यांचा फोटो दिलास. चार कामगार उलट्या पेटीवर पत्ते खेळतायत, बरोबर डोक्यावरून काढलेला, चौघांचे हात, चौघांचे पत्ते. खाली तुझं वाक्य, वरून सगळ्यांचे पत्ते दिसतात, ओळखा बघू कोण हरणार? मी फोटो उघडला आणि मला एकही पत्ता वाचता येईना. मी लिहिलं, कल्पना उत्तम, फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, लेन्सला धार राहिलेली नाही. नंतर दहा मिनिटांत सोळा जणांनी माझी री ओढली. हो हो, डावीकडे जरा सॉफ्टच. हो, मलाही वाटलंच होतं. एका नव्या सदस्याने, ‘नवशिकी’ नावाच्या, लिहिलं होतं की लाल शर्टवाल्याच्या हातात बदामाची राणी स्पष्ट दिसतेय. मी तिला झाडली. नवशिक्यांनी अंदाज ठोकू नयेत, असं लिहिलं. ती बिचारी पुन्हा काही बोलली नाही.

तिथून पुढे उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. मी म्हणालो, लेन्स कंपनीकडे तपासायला पाठव. तू पाठवलीस, दोष नाही म्हणून परत आली. मी म्हणालो, त्यांना काय कळतंय, नवी घे. तू तुझी लाडकी लेन्स विकून मी सांगितलेली घेतलीस. फोटो सॉफ्टच. मी म्हणालो, कॅबिनची काच असेल. तू खिडकी उघडून, थंडीत कुडकुडत फोटो काढलेस. सॉफ्टच. मी म्हणालो, क्रेन हलत असेल, शटरचा वेग वाढव. वाढवलास. सॉफ्ट. या महिन्याच्या पहिल्या बुधवारी माझे सगळे उपाय संपले आणि मी सगळ्यांसमोर लिहून मोकळा झालो की मग हातच असणार, हाताला कंप असेल तर कुठलीच लेन्स वाचवू शकत नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, टाइप करणाऱ्या बोटांना तर असतं ना! तरी लिहिलं. ज्या हातावर तुझं पोट आहे, ज्या हाताच्या भरवशावर खाली शंभर माणसं बिनघोर चालतात, त्या हाताबद्दल मी ते लिहिलं.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू कॅमेरा विक्रीच्या पानावर टाकलास. आणि मग मला एकट्याला तो मेसेज, काका, कॅमेऱ्याचं काही नाही, पण हात गेला असेल तर क्रेनचं काय, माझ्या हातून काही खाली पडलं तर? एक तारखेला अर्ज देतेय, खाली गोदामात घ्या म्हणून. तो मेसेज मी तीनदा वाचला. आणि उत्तर काय दिलं? योग्य निर्णय. काळजी घे. हे दोन शब्द आणि वर ते दोन शब्द. एवढ्यासाठी माझे कान कोणी उपटले तरी मी हूं की चूं करणार नाही.

आता जरा घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. या दीड वर्षात मी दोन मॉनिटर बदलले. पहिला पिवळा पडला म्हणून, दुसरा नवा असूनही पिवळा निघाला म्हणून. दुकानदाराशी असा भांडलो की तो आता मला बघून आत जातो. दिवसाढवळ्या दिवे लावायला लागलो. जिन्याची शेवटची पायरी दोनदा चुकलो आणि गवंड्याला शिव्या दिल्या. कपाबाहेर चहा ओतला तेव्हा किटलीची चोच वाकडी ठरवली. तुझी काकू म्हणाली, एकदा डोळे तपासून घ्या. चारदा म्हणाली. मी म्हणालो, या डोळ्यांनी मी केसाहून बारीक स्प्रिंगा बसवल्यात, माझ्या डोळ्यांचं नाव काढू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती पुटपुटली. मला ऐकू आलं. कान माझे उत्तम आहेत.

मग दोन-अडीच आठवड्यांपूर्वी शेजारच्या बाईंनी त्यांच्या वडिलांचं मनगटी घड्याळ आणलं. साधं काम, मागचं झाकण उघडून एक स्क्रू आवळायचा. मला स्क्रूची खाच दिसेना. भिंग पुसलं, दिवा जवळ घेतला, भिंग बदललं. स्क्रू सापडला तो झाकणावर दोन ओरखडे उठल्यावर. चाळीस वर्षांत मी कुणाच्या घड्याळावर ओरखडा उठवला नव्हता. काकूने माझी चप्पल आणून समोर ठेवली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, काका, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजवा चांगला पिकलाय. मी विचारलं, कधीपासूनचा? त्या म्हणाल्या, दीड-दोन वर्षांचा तरी असेल, तुम्हाला सगळं धूसर आणि पिवळट दिसत नव्हतं का? घार, त्या खुर्चीत बसून मी बोटांवर महिने मोजले आणि तुझ्या पत्त्यांच्या फोटोपाशी येऊन थांबलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण कुणी केली त्याला माझा पत्ता माहीत असावा.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले. आत नवी लेन्स बसवलीय. खोड बघ माझी, टेबलावर पडल्या पडल्या मी विचारलं, कोटिंग कसलं आहे, कडांना शार्प आहे ना? बाई म्हणाल्या, काका, आता गप्प पडून राहा. आयुष्यात पहिल्यांदा मी सल्ला न देता लेन्स घेतली, आणि आजवरच्या सगळ्या लेन्सांत तीच उत्तम निघाली. पट्टी काढली तर स्वयंपाकघरातल्या फरश्या पांढऱ्याशुभ्र. मी त्या फिकट पिवळ्याच समजत होतो. काकूचे केस इतके पांढरे झालेत हेही मला तेव्हाच कळलं. तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, आता कळलं ना, मग आतातरी शहाणे व्हा.

परवा मी तुझा पत्त्यांचा फोटो उघडला. धीर होत नव्हता, पण उघडला. शंभर टक्क्यांवर. आपण दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवून तपासतो ना, तसं केलं. आधी उजवा डोळा झाकला, जुन्या डाव्याने बघितलं. धुकं. मग डावा झाकला. घार, काय सांगू तुला! चौघांचे सगळे पत्ते दिसतात. पेटीवरचे खिळे दिसतात. एकाच्या बुटाची तुटलेली नाडी गाठ मारून बांधलीय, ती गाठ दिसते. आणि लाल शर्टवाल्याच्या हातात बदामाची राणी, तिच्या हातातल्या फुलासकट. मग मी मागचे सगळे काढले, जुन्या लेन्सचे, नव्या लेन्सचे, काचेतून, खिडकी उघडून. एकही सॉफ्ट नाही. एकही नाही, पोरी. साठ मीटरवरून, वाऱ्यात, असा हात मी आमच्या धंद्यातल्या कसलेल्या माणसांचाही पाहिला नाही. कंप होता तो माझ्या मीपणाचा. मी मॉनिटरसमोर बसून रडलो, डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून बजावलं असतानाही.

काल बुधवार होता. मी गटावर माझ्याच उजव्या डोळ्याचा ऑपरेशनआधीचा तपासणीचा फोटो टाकला आणि त्याची चिरफाड केली. गेल्या दीड वर्षात कुणाकुणाला काय काय चुकीचं सांगितलं ते नावानिशी लिहिलं, तुझं सर्वांत आधी. बुधवार यापुढे मी चालवणार नाही, हेही लिहिलं. ज्या सोळा जणांनी री ओढली होती त्यांतले अकरा जण आता म्हणतायत की आम्हाला शार्पच दिसत होता, पण तुम्ही म्हणालात म्हणून. आपल्या दातांच्या डॉक्टरांना तर मी तिथेच विचारलं, मग तेव्हा तोंडात काय दात नव्हते?

आणि आता खोक्याचं. परवा मी रडत बसलो होतो तेव्हा काकू स्टुलावर चढली, कपाटाच्या माथ्यावरून हे खोकं उतरवलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. वर तुझ्या अक्षरातला पत्ता. ती नवशिकी म्हणजे तुझी काकूच होती. माझ्या पाठीमागे गटात शिरून गेली दोन वर्षं तुझे फोटो बघत होती. पत्ते तिला दिसले होते, तिने सांगितलं, मी तिला गप्प केलं. तू कॅमेरा विकायला काढलास त्याच दुपारी तिने तो घेतला, त्या मुलीचा कॅमेरा परक्याच्या घरी जाता कामा नये म्हणाली. माझे डोळे उघडतील त्या दिवशी तो परत धाडायचा, असं तिने ठरवून ठेवलं होतं. तो तुझा आहे, परत करायचा नाही, नाहीतर तुझी गाठ तिच्याशी आहे. त्यातल्या कार्डावर एकच फोटो आहे, काकूने स्टुलावर उभं राहून, तुझ्यासारखा वरून काढलेला. मी काळा चष्मा लावून हातात पत्ते धरून बसलोय, आणि फोकस सगळा माझ्या टकलावर. हा मात्र खरोखरच सॉफ्ट आहे, दोन्ही डोळ्यांनी तपासलाय. पुढचा बुधवार तुझा, कर चिरफाड. तेवढा तो अर्ज फाड, तुझी शिडी चढ, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर दीड वर्ष उशिरा देतोय ते पदरात घे. माझ्या मते त्या दिवशी लाल शर्टवाला हरला. काकू म्हणते राणी हातात असताना कसा हरेल, निळ्या टोपीवाला हरला. आमचं इथे दोन दिवस यावरून भांडण चाललंय. तू वर होतीस, तुला दिसत होतं. खरं काय ते वरून कळव.

तुझाच, आणि आता थोडं नीट दिसणारा,
काटेकाका