दहाच्या चहाला फोन कर

दादा,

कंपनीची बस पावणेसहाला आहे, म्हणून तुला झोपेत सोडून जातेय. सुट्टी मागितली होती. सुपरवायझर म्हणाला, "भाऊ चालतोय, बोलतोय ना? मग झालंय काय?"

काल तूही हेच म्हणालास. हातातला कप पडला, तोंड वाकडं झालं, 'दीपे' म्हणायला गेलास तर नुसतं 'पे, पे' निघालं. दहा मिनिटांनी उठून म्हणतोस, "पित्त झालंय गं." पित्त नव्हतं ते. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली होती, नशिबाने सुटली. पुढची सुटेलच असं नाही, म्हणून हॉस्पिटलात डॉक्टर अ‍ॅडमिट हो म्हणत होते. तू स्वतःच्या जबाबदारीवर सही ठोकून घरी आलास.

कशामुळे झालं, असं त्यांनी तुला विचारलं होतं. मी सांगते. बीपीची गोळी तू वर्षातून आठ दिवस घेतोस, कंपनीच्या मेडिकल तपासणीच्या आधी. फोर्कलिफ्ट चालवायला फिट ठरलास की गोळ्या माळ्यावर आणि तंबाखू गालात. फसवलंस कुणाला? डॉक्टरला की स्वतःला?

गोळ्या भाकरीच्या डब्यावर ठेवल्यात. ड्युटीवर जाऊ नकोस. परत तसं झालं तर बरं वाटायची वाट न बघता भिंत बडव, शेजारच्या रुक्सानाभाभी घरीच आहेत, त्यांना सांगून ठेवलंय.

माझा फोन लॉकरमध्ये असतो, दहाच्या चहाला हातात येतो. तेव्हा फोन कर आणि ही चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखव. मधे शिव्या घाल हवं तर. तुझी जीभ सरळ चालतेय एवढं मला ऐकू दे. तोवर मला असेंब्ली लाइनवर वायरी जोडत बसण्याशिवाय काहीच करता येणार नाही.

दीपमाला