खिडकीएवढं भोक

२ मार्च, शनिवार

खिडकीत अंधार! सकाळी साडेनऊला! आधी वाटलं, आभाळ भरून आलं. पडदा सारला तर पलीकडे कापड. जाड, चकचकीत, गच्चीवरून थेट पहिल्या मजल्यापर्यंत सोडलेलं. खाली उतरून रस्त्यापलीकडे गेले नि वर पाहिलं. उमेदवाराचा हसरा चेहरा, आणि माझी खिडकी बरोब्बर त्याच्या दातांमागे!

हा पराक्रम धाकट्याचा. दुसरा कोण असणार! सख्खा दीर. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो आणि पक्षाचं काम करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, आईविना. भांग पाडण्यापासून बुटांच्या नाड्या बांधण्यापर्यंत सगळं मी केलं त्याचं. वर जाऊन विचारलं तर म्हणाला, "वहिनी, घरचीच खिडकी आहे. तुला काय विचारायचं?"

घरचीच म्हणे! घरच्यांनाच विचारायचं नसतं वाटतं.

३ मार्च

बल्ब लावून रफूला बसले. व्यर्थ. रफू म्हणजे काही ठिगळ नव्हे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि फाटलेल्या जागी विणीचं एकेक घर भरत जायचं. त्याला दिवसाचा उजेड लागतो. बल्बखाली काळा आणि गडद निळा, दोघे जुळे भाऊ! टेबलावर दोन गिऱ्हाइकांचे कोट होते. वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या कोपराला दुसऱ्याचा निळा धागा भरला. जिन्यात नेऊन पाहिलं तेव्हा कळलं. दोन तासांचं काम उसवलं. डोळे चुरचुरताहेत.

४ मार्च

तिसऱ्यांदा वर गेले. "निवडणूक होईपर्यंत कळ काढ ना," म्हणाला. "तीन आठवडे फक्त. देशाचा प्रश्न आहे."

"तुझ्या देशात माझी खिडकी येते की नाही?"

हसला. लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसा. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना कुणाच्या राज्यात बंद झाला? तुझ्या भावाच्या छातीत कळ आली तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागलं. पोचलो का आपण वेळेवर? तू होतास ना गाडीत?"

पत्रकांचा गठ्ठा बांधू लागला. मग म्हणतो कसा — "दादाचं राजकारण करू नकोस."

मी? राजकारण मी करतेय?

५ मार्च

कापलं!

मोठी कात्री घेतली, स्टुलावर चढले, खडूने खिडकीच्या मापाचा चौकोन आखला आणि कापला. चर्र चर्र चर्र. पोटभर उजेड आत आला. नंतर काठ दुमडून दुहेरी टाका घातला, उसवत जाऊ नये म्हणून. अर्धवट काम माझ्या हातून होत नाही.

खाली जाऊन पाहून आले. दात गायब. आता मी खिडकीत बसले की साहेबांच्या तोंडात बसल्यासारखी दिसणार. दिसू दे!

६ मार्च

धाकटा आला, दार न वाजवता. कानापर्यंत लाल.

"वहिनी, माझं नाक कापलंस तू!"

"नाक नाही रे. तोंड. नाक वर शाबूत आहे, बघ."

मला वाटलं हसेल. नाही हसला. "सगळी कचेरी मला हसतेय. घर सांभाळता येत नाही, मतदार काय सांभाळणार म्हणतात. आजपासून तू खाली आणि मी वर. संपलं."

दार आपटून गेला. फलक मात्र काढला नाही. मीही काढायला सांगणार नाही.

९ मार्च

आज समोरच्या पक्षाचे चौघे हजर. "ताई, शाब्बास! काय हिंमत दाखवलीत!" मी बसा म्हणायच्या आत बसले. मुद्दा नंतर आला. आता तिथे त्यांचा फलक लावायचा म्हणे, भोकाभोवती, आणि माझा फोटो काढायचा, कात्रीसकट.

म्हटलं, "लावा की. कात्री धार लावून ठेवते."

उठले. जिन्यात एकजण पुटपुटला, "बाई विक्षिप्त आहे." आहे!

तरी दुपारपर्यंत गल्लीभर झालं — ती समोरच्यांची. उजेड मागितला की माणूस लगेच कुणाचा तरी होतो.

१२ मार्च

दोन गिऱ्हाइकं कपडे तसेच परत घेऊन गेली. एक तर माझ्याकडे न बघता. जा. फाटकं घालून फिरा.

वकीलसाहेब आले तेव्हा वाटलं, हेही तेच करणार. धाकट्याच्या पक्षाचे ते, अगदी कट्टर. कोटाचं कोपर उजेडात धरून न्याहाळलं. "तुमचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही," म्हणाले, "पण कुठे फाटलं होतं तेच सापडत नाही." आणि बसले. तासभर भांडलो. ते म्हणाले, दवाखान्याला डॉक्टरच मिळत नव्हता. मी म्हटलं, फलक लावायला बरी माणसं मिळतात! ते म्हणाले, मोठ्या कामांना वेळ लागतो. मी म्हटलं, आमच्या घरात वेळ संपला. त्यांना माझं पटलं नाही, मला त्यांचं पटलं नाही. चहा दोघांनीही संपवला.

जाताना दुसरा कोट देऊन गेले.

१५ मार्च

जिन्यात धाकट्याचा खोकला. चार दिवस झाले. औषध घेतलंस का, विचारलं नाही. नाही म्हणजे नाही.

१८ मार्च

जाऊबाई खाली आली. नवऱ्याचा निरोप. उभ्या उभ्या एका दमात बोलली — "त्यांनी पक्षाला घरातली तीन मतं कबूल केलीत. निदान तेवढा तरी मान राखा म्हणाले."

"त्याला म्हणावं, दोनच सांग. तिसरं माझं आहे. घराचं नाही."

ती दाराशी घुटमळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मग… एकच सांगू का?"

मी बघतच राहिले! अकरा वर्षांत या बाईने मीठ कमी आहे असंसुद्धा कधी म्हटलं नाही. दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की शेवटी तोंडात पदर कोंबावा लागला. वर ऐकू गेलं असतं.

२१ मार्च, मतदान

रांग शाळेच्या फाटकाबाहेर. यादीत नाव शोधून देणाऱ्यांच्या टेबलाशी धाकटा. गाल बसलेत. त्याने माझ्याकडे न बघता माझं नाव शोधलं, पानावर बोट ठेवलं, क्रमांक चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कलणारं. मी चिठ्ठी उचलली.

आत गेले. समोरच्यांना दिलं. ते चौघे मला आवडत नाहीत, तरी दिलं. दवाखान्यासाठी.

२३ मार्च, दुपार

मोजणी झाली. धाकट्याचा पक्ष हरला, इथेही आणि देशातही. मी जिंकले! खिडकीत बसून मोठ्याने हसायचं ठरवलं होतं.

वर चिडीचूप. भांड्याचासुद्धा आवाज नाही.

२३ मार्च, संध्याकाळ

समोरच्यांची विजयाची मिरवणूक आमच्या दारात थांबली. कचेरीतून परतणारा धाकटा नेमका तिच्यात सापडला. एकाने कॉलर धरली. बाकीचे शिट्ट्या मारताहेत. माइकवाला ओरडला, "ताई, खाली या! तुम्ही कुणाला मत दिलंत ते ऐकवा याला!" मी अनवाणी जिना उतरले. माझ्यासाठी गर्दीने वाट केली, कुणी फुलांचा गुच्छ पुढे केला. तो मान खाली घालून उभा.

"याच्या पक्षाला दिलं," म्हटलं. "आणि पुन्हा देईन. कॉलर सोड त्याची!"

माइक बंद. धाकट्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलतेय हे त्या गर्दीत त्याला एकट्याला कळलं.