तळहातावरचा घट्टा

सोलापूर, ३ नोव्हेंबर २०२५

चि. डॉ. दीक्षा हिस,
नागनाथमामाचा सप्रेम जयभीम आणि डोक्यावर हात. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडं दवाखान्याचा कारकून राहतो आणि फोनवरचं अक्षर न् अक्षर त्याला कळतं, म्हणून पत्रं. बरंच झालं की. माझं अक्षर तरी कुणीतरी वाचतंय.

आठवडाभर उजनीकाठच्या दवाखान्यात जित्त्यांना तपासायचं आणि रविवारी पुण्याला जाऊन मेलेल्यांचं शिकायचं, हे कसलं पदव्युत्तर, असं तुझी मामी विचारते. मी सांगितलं, मेलेला माणूस डॉक्टरला उलट बोलत नाही, पोरीला तेवढंच सुख.

दुकान जोरात आहे. जळक्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरतोय त्याला तीस वर्षं झाली. अजून नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतो. करंट गळतो का ते तपासायचं मेगर यंत्र कपाटात झोपलंय, त्याला उठवावं लागत नाही.

एसटीत डुलक्या खाऊ नकोस. माया आहेच, पत्रं लिहून ती वसूल करत जा.
तुझा मामा, नागनाथ

उजनीकाठ, १० नोव्हेंबर

ती. मामांना सप्रेम जयभीम. वि. वि.

या वेळी हसू नका. मी घाबरले आहे.

आम्ही सगळे नोकरी करून शिकणारे, म्हणून पुण्याच्या सरांनी नियम घातलाय की प्रत्येकानं आपल्याच हातचं एक जुनं शवविच्छेदन वर्गात वाचायचं. मी श्रीमंतचं नेलं, नाव झाकून. हा श्रीमंत सांगोल्याकडून मेंढरं घेऊन आलेला आणि इथले बडे बागायतदार बापूसाहेब यांच्या केळीच्या बागेवर राखणीला राहिलेला. यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला, मी खिरीला घरी येऊ शकले नाही त्या दिवशी, तो धरणाच्या पाण्यात सापडला. मी बुडून मृत्यू असं लिहिलं.

त्याच अहवालात मी लिहिलं होतं की उजव्या तळहाताला घट्टा आहे, मधोमध खळगा, कडा पांढरट आणि उचललेल्या. सरांनी चष्मा काढला. मधोमध खचलेला घट्टा कधी बघितलास का, असं विचारलं आणि पडद्यावर एक फोटो लावला. मामा, हुबेहूब तसाच तळहात. विजेच्या झटक्याचा डाग होता तो.

आपल्या घरात आजोबांपासून आईपर्यंत सगळ्यांचे तळहात घट्ट्यांचे. म्हणून मी घट्टा लिहिला आणि पुढं गेले. बापूसाहेब गावभर सांगतात की दारू पिऊन बुडाला. त्याची बायको मायाक्का ते ऐकत जगतेय. पोलिसांना पुरवणी अभिप्राय पाठवला तर माझी चूक उघडी पडेल आणि बापूसाहेब माझ्यावर उठतील. काय करू?

मामीला नमस्कार. आशीर्वाद आटू देऊ नका.
दीक्षा

सोलापूर, १३ नोव्हेंबर

चि. दीक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चुकलेलं कळलं, म्हणजे फीचं चीज झालं. लिही. सरांना दाखव, रजिस्टरनं पाठव, पोचपावती जपून ठेव आणि भिंतीशेजारी जोरानं श्वाससुद्धा घेऊ नकोस. बापूसाहेब वाघ असला तरी कागदाला भितो, असले लई बघितलेत मी.

जेवत जा.
तुझा मामा, नागनाथ

उजनीकाठ, १७ नोव्हेंबर

ती. मामांना सप्रेम जयभीम. वि. वि.

काल पुण्याला गेलेच नाही. शनिवारी बापूसाहेब दवाखान्यात आले. केसपेपर न काढता समोर बसले. बाई, जुन्या फायली पुण्याला नेता म्हणं, असं म्हणत टेबलावरचे कागद चाळू लागले. मग हसून म्हणाले, सोलापूरचं मामा बरं हायत न्हवं? लई गुणी कारागीर. आमची ती मोटार मे महिन्यात त्यांनीच भरली की, दोन डाव.

मामा, त्यांना तुम्ही कसे ठाऊक? आणि दोनदा का? आज इंजेक्शनं मी सिस्टरवर सोपवली. लवकर लिहा.
दीक्षा

सोलापूर, २० नोव्हेंबर

चि. दीक्षा हिस. वि. वि.

पत्र दुकानात उभ्यानं वाचलं आणि शटर ओढून घरी आलो. मामीला वाटलं ताप आहे.

बापूसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक, तू माझी भाची हे मीच त्याला कौतुकानं सांगितलेलं. पौर्णिमेच्या चार दिवस आधी त्यानं मोटार आणली. मी भरली, चालवली, कान लावला. गोड चालत होती. मेगर लावला नाही. करंट मोटारीच्या अंगात उतरतो तेव्हा आवाज होत नाही, दीक्षा. हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं ठाऊक होतं. धरणाचं पाणी मागं सरलं की मोटार पुढं ओढावी लागते. श्रीमंतनं ओल्या हातानं मोटारीची कडी धरली असणार.

पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी बापूसाहेब मोटार परत घेऊन आला. शेळीला झटका बसला म्हणाला. एका शेळीसाठी हा माणूस स्वतः सोलापूरला येईल? एरवी अरेतुरे करणारा त्या दिवशी नागनाथराव म्हणत होता. मला तेव्हाच खटकलं. मी कानाआड केलं आणि मोटार पुन्हा भरून दिली. तुझ्या पत्रात त्याचं नाव वाचूनही तेच केलं.

मला भीती वाटते. तुरुंगाची वाटते, दुकानाच्या नावाची वाटते. तू काय लिहिशील याची वाटते, आणि माझ्यापायी लिहिणार नाहीस याची जास्त.
नागनाथ

उजनीकाठ, २४ नोव्हेंबर

ती. मामांना सप्रेम जयभीम. वि. वि.

अभिप्राय दोनदा लिहिला, दोनदा फाडला. तिसरा खणात आहे. बाबा गेल्यावर मला तुम्ही शिकवलंत. त्याच शिक्षणानं तुम्हाला बेड्या कशा घालू? मायाक्का दर बाजाराला दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसते. काही मागत नाही. मी मागच्या दारानं निघून जाते.

तुम्ही नको म्हणालात तर पाठवणार नाही. तुम्हीच सांगा.
दीक्षा

सोलापूर, २८ नोव्हेंबर

चि. डॉ. दीक्षा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

असलं ओझं माझ्या गळ्यात घालू नकोस. काल मी तुझ्या तिकडच्या ठाण्यात जाऊन जबाब दिला. मोटार कुणी भरली, काय तपासलं नाही, कधी परत आली, शेळीचं काय सांगितलं, सगळं. फौजदार म्हणाले, बोलावलं नसताना आलात होय? मी म्हटलं, बोलावल्यावर सगळेच येतात. बाहेर बापूसाहेबाची जीप उभी होती. मी मान खाली घालून पुढं गेलो, खोटं कशाला सांगू. आता तुझ्या कागदानं माझं वेगळं काही बिघडत नाही. आजच पाठव.

तिथून मायाक्काकडं गेलो. माझ्यानं बसवेना, उभ्यानंच सांगितलं. वाटलं, हातातला दगड डोक्यात घालेल. तिनं तो खुंट्यावर मारला, शेळी बांधली आणि बोलली. त्या तिन्हीसांजेला ती भाकरी थापत होती. सहा महिने तिला वाटतंय की तो हाका मारत बुडाला आणि चुलीपाशी तिला ऐकू गेलं न्हाय. तिनं मला एकच विचारलं, करंट धरल्यावर माणसाला हाक मारायला सवड मिळती का.

मी म्हटलं, दीक्षा विचारून सांगेल. रविवारी सरांना विचार, आणि पुढच्या दारानं बाहेर येऊन तिच्याजवळ पायरीवर बसून सांग. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. खरं असेल तेच सांग. ती मंगळवारच्या बाजाराला येणार आहे.

लोभ ठेव, जमेल तेवढा.
नागनाथ