टाकीतल्या माशांना पाय

हितेश,

मी शिरढोणला आईकडे जातेय, संध्याकाळी येईन. डाळ-भात झालाय, सुके बोंबील तेवढे भाजून घे.

मागची टाकी आज घासायला काढू नकोस. तिच्यात साबुदाण्यासारखी तरंगत होती ती अंडी बेडकांची होती. त्यातून निघालेल्या ज्या माशांना तुझे बाबा रोज भात घालतात, त्यांना आता मागचे पाय फुटलेत. सगळा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला हे सांगायचं कसं, म्हणून सकाळी मी बरेच आढेवेढे घेतले. तर म्हणाले, "मला पयल्याच दिवशी कललं गो. पन हितेशला सांगू नको. मासे बघाया तरी ड्युटीवरून आला का माज्याजवल बसतो."

होडी विकल्यापासून तुम्ही दोघं एकाच घरात राहून माझ्यामार्फत बोलत होतात. मला त्याचा वीट आला होता.

तेव्हा पाय दिसले तरी तुला दिसलेले नाहीत. चहा थर्मासमध्ये आहे. दोन कप घेऊन मागे जा आणि मासे कुठल्या जातीचे आहेत ते बाबांना विचार.

समृद्धी