गोठलेल्या गवतावरून

प्रिय भिंगरी,

आई गेल्यापासून वर्षभर तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

इथे तीन आठवडे पावसाने उच्छाद मांडला होता. गोल्फच्या मैदानाचा खालचा भाग म्हणजे तळं झालंय. सभासदांपेक्षा बदकांचीच हजेरी जास्त. मी रोज चर मोकळे करतो, हिरवळीला भोकं पाडून त्यांत वाळू भरतो, म्हणजे पाणी मुरतं. गुडघे कुरकुरतात. आई म्हणायची, तुम्ही माझ्याशी नाही, त्या गवताशी लग्न केलंय. माझे ओले मोजे शेगडीजवळ वाळत घालताना ती बडबडायची आणि मी नुसता हूं हूं करत हवामानाच्या बातम्या ऐकायचो. आता बातम्या लावतो, पण कानात काही शिरत नाही.

परवा आभाळ निवळलं आणि कडाक्याची थंडी पडली. सकाळी सातव्या होलची हिरवळ पांढरीफटक होती. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पातं मोडतं. तेव्हा काही दिसत नाही, दोन दिवसांनी पावलं काळी पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत जात नाहीत. हे मी तुला, तू चालायला लागल्यापासून शिकवलंय. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात गाडीची किल्ली मागायला तू धावत आलीस, पण त्या हिरवळीच्या काठाशी थबकलीस.

मी सगळ्यांना सांगितलं, लांबून मला काही ऐकू आलं नाही, वाटलं पोरगी डबा घेऊन आली. भिंगरे, ते खोटं होतं. ‘आई पडली’ ही तुझी हाक मला स्वच्छ ऐकू आली होती. तरी माझा हात वर गेला आणि मी तुला वळसा घालून यायला लावलं. तीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी मान खाली घातली.

परवा मी त्या हिरवळीवरून सरळ चालत गेलो, मी उभा होतो तिथून तू थांबली होतीस तिथपर्यंत. मोजून बावीस पावलं. आज ती काळी उमटलीत. क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, कुणाचा हा गाढवपणा? माझाच, म्हटलं. मी ती बुजवणार नाही. माफ कर असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण ती पावलं पुसली जायच्या आत एकदा ये. मी तिथेच असेन. वळसा घालू नकोस, सरळ ये.

तुझाच,
बाबा