माळ्यावरचं कोमट पाणी

३ मे
आले एकदाची! सोमवारी सह्या झाल्या आणि आज माझ्या दोन पेट्या या घरात पोचल्या. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी नवी नवरी म्हणवून घेताना हसू येतं, पण येऊ दे. सतरा वर्षं वसतिगृहाचं कोठार सांभाळलं, आता स्वतःचं घर सांभाळीन. घर छोटं पण नेटकं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधल्या बोळात न्हाणीघर आणि बोळाच्या छताला माळ्याचं झाकण. हे मितभाषी आहेत. यांची मुलगी नऊ वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिने मला मावशी म्हणायचं ठरवलंय. म्हणू दे. वर्षाच्या आत तिच्या तोंडून आई ऐकलं नाही तर मी कसली कोठीवाली!
यांची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. संध्याकाळी डबे भिजत घातले. चिठ्ठ्या निघाल्या.

७ मे
आज शिडी लावून माळ्यावर चढले. वसतिगृहात टाक्या धुऊन घेतल्यात, त्यामुळे मला यातलं कळतं. टाकी पाचशे लिटरची. आत तरंगणारा गोळा आहे. पाणी उतरलं की तो खाली जातो आणि नळी उघडते, टाकी भरली की तो वर येऊन नळी बंद करतो. त्याच्या वर जादा पाणी घराबाहेर काढणारा पाइप. स्वयंपाकघराच्या नळाला रस्त्यावरच्या लाइनचं पाणी येतं, न्हाणीघराला या टाकीचं.
खांबाला तिच्या अक्षरात कागद चिकटवलेला: झाकण घट्ट, महिन्याला गाळ काढणे, बाहेरचा पाइप वाहिला तर आधी वर येऊन बघणे. माझ्या हाताखालच्या एकीलाही इतकं टापटिपीचं लिहिता आलं नसतं. रागच आला. यांना विचारलं तर म्हणाले, टाकीला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. सांगताना हसले. लग्नाला आठवडा झाला, तसं हसू माझ्या वाट्याला आलेलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

११ मे
या घरात गिझर नाही. लागत नाही म्हणतात. खरंच, हे आणि चिमणी आंघोळ करून येतात ते लालबुंद गालांनी, गुणगुणत. न्हाणीघरात वाफ असते. मी जाते तेव्हा त्याच नळाला गारढोण पाणी. आज मुद्दाम यांच्या पाठोपाठ शिरले. बादलीत उरलेलं पाणी कोमट होतं. नळ सोडला, बोटं बधिर झाली.
पाण्यानेही पंक्तिप्रपंच करावा म्हणजे कमाल आहे.

१६ मे
मागच्या खिडकीवर बाहेरच्या पाइपातून धार लागते. रोज चारला, चिमणी सुट्टीतल्या शिबिरातून आली की. मी संध्याकाळी आंघोळीला जाऊन कडी लावली की थांबते, आणि मी नळाला हातही लावलेला नसताना वर टाकी भरायला लागते.
प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, कारणं दोनच. गोळा नळी नीट बंद करत नसेल, नाहीतर टाकीत काहीतरी पडत असेल; भरल्या बादलीत कपडे टाकले की पाणी वर येतं तसं. आत काही नव्हतं. त्याने गोळ्यासकट नळी बदलली.

१९ मे
तरीही चारला धार.
आज कळलं, चिमणी आली की पिशवी टाकून आधी न्हाणीघरात जाते. नळाला तोंड लावून शिबिरातलं सगळं सांगते. कोणी खोडी काढली, कोणाला बक्षीस मिळालं. मी विचारलं तर म्हणते, काही नाही झालं. मी दूध घेऊन दाराशी उभी होते. दुधावर साय आली.

२३ मे
टाकीच्या आत पेन्सिलीने खूण केली. दुपारी तीनला पाणी बरोबर खुणेवर. चारला पुन्हा चढले. पाणी खुणेच्या वर चार बोटं, पाइपातून वाहतंय. विजेरी मारली. तळापर्यंत स्वच्छ. काही नाही.
काही नाही, आणि चार बोटं पाणी वर.
खाली चिमणी हसत होती.

२६ मे
मुख्य कॉक बंद केला. टाकी रिकामी केली, खूण तेवढी सोडून घासली, माझ्याच जुन्या साडीने कोरडी पुसली. तिचा कागद फाडला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
चारला धार लागली.
कॉक बंदच आहे. वर टाकी काठोकाठ.

२८ मे
चिमणी माझ्याशी बोलत नाही. आज वेणी घालताना एवढंच म्हणाली, अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तसं—
“मावशी, तू आंघोळीला गेलीस की आई बाहेर येऊन बसते. ती म्हणते, आत एका वेळी एकीलाच जागा आहे.”
वेणी अर्धवट सोडून उठले. बाहेर म्हणजे कुठे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

३० मे
यांनी मला तिच्या नावाने हाक मारली. चुकून.
मी ओ दिली.
लाज वाटली नाही. उलट — त्या एका क्षणापुरते यांचे डोळे माझ्यावर कसे —
ते तिचे. सगळं तिचं. मला ते हवंय.

१ जून
आंघोळ केली नाही. न्हाणीघराच्या दाराशी बसून ऐकलं. आत चिमणी बोलते. नळ उत्तर देतो. शब्द कळत नाहीत, माया कळते.
इतकी माया मी कधी —

२ जून. साडेचार
वरूनच लिहितेय. वही फळीवर. चिमणी खाली न्हाणीघरात, नळाशी.
झाकण काढलं. पाणी खुणेवर चार बोटं. म्हणजे ती आत आहे. हात घातला. कोमट. माझ्या हाताला, पहिल्यांदा.
ती बसते तर मीही बसेन. पोरीला कोमट पाणी मी देईन. तिचं सगळं मी ऐकेन. मग मला आई म्हणेल. म्हणावंच लागेल.

उतरले. कमरेपर्यंत. इतकी ऊब आहे की रडू —

पाणी वर यायला हवं होतं. मी एवढी मोठी बाई आत बसले. आलं नाही. चार बोटंच. म्हणजे मी उतरले त्याच वेळी कोणीतरी बाहेर —

शिडी वाजली. पावलं खाली गेली.

पाय उचलत नाहीत.

नळ बंद झाला. चिमणी बोळात आली. “आई!” म्हणाली. नळाला नाही, घरात, मोठ्याने. ओ द्यायला मी तोंड उघडलं, तर स्वयंपाकघरातून आधीच ओ आली. आवाज माझा. माझाच, आणि मी तर अजून —